दार उचलून लावायचं

बाबांची जुनी विलायती गाडी बघायला आईला घेऊन कोल्हापुरातल्या गॅरेजात गेलो, तर बॉनेटखाली अनोळखी इंजिन बसलेलं. जुन्याचे भाग कुठंच मिळेनात, म्हणून दुसरं बसवायला हो मीच म्हटलं होतं. गिअरबॉक्सही दुसरा. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जाऊन आता तो खाली, दोन सीटांच्या मध्ये आला होता. मिस्त्रींनी गाडी सुरू केली, तर आवाजसुद्धा परका. बाबा गेल्यावर त्यांची गाडी आपण वाचवली, की तिच्या पत्र्यात दुसरीच घातली, हे मला टोचत राहिलं.

तसे आईचे दोन्ही गुडघे बदललेत, डोळ्यांत भिंगं नवी आहेत, म्हणून ती काही दुसरी कुणी झाली नाही. पण ती मला हाक तरी मारते. गाडीनं ओळख द्यायची कशी?

तेवढ्यात आई पुढच्या सीटवर बसली आणि कित्येक वर्षांच्या सवयीनं तिनं दार जरासं उचलून ओढलं. खट्ट! लागलं.

"दाराचं काम तेवढं राहिलं वाटतं," मी मिस्त्रींना म्हटलं.

"राहिलं न्हाई," ते हात पुसत म्हणाले. "बिजागरी घट्ट केली हुती मी. मागल्या आठवड्यात काकू एकट्याच आल्या, दार उचलायला गेल्या, तर उचलंना. 'ही आमची गाडी नव्हे,' म्हणाल्या. मग केली परत सैल."

मी गाडी चालवायला चावी त्यांच्याकडेच राहू दिली आणि मागं, माझ्या लहानपणच्या जागेवर, जाऊन बसलो.