पांदण राखणारा देव

बोरगावकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत जायला एकच पांदण आहे, टेम्पो कसाबसा जाईल एवढी. दोन्ही बाजूंना शेजारच्या काकांची कपाशी. ती पांदण आपल्या वावरात घालायची त्यांची जुनी इच्छा. यंदा आंबिया बहाराची संत्री उतरायच्या तोंडावर त्यांनी तिच्या मधोमध पांदणभर रुंद चबुतरा बांधला आणि वर सात घोड्यांच्या सूर्यनारायणाची फरशी बसवली. व्यापाऱ्याचा टेम्पो चबुतऱ्याच्या अलीकडेच थांबला.

बाबा म्हणाले, "देवाचं काम आहे. डोक्यावर वाहून नेऊ."

माझं डोकंच फिरलं. मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचून वाढलेली. देवावर बोलायचं तर आधी वाचायचं, हे त्या पत्रकांनीच शिकवलं. वेदांतल्या सूर्यदेवांत एक पूषा आहे. वाटा राखणं हे त्याचं काम. चुकलेलं जनावर तो घरी आणतो, वाटेवरचे लांडगे आणि चोर हाकलतो, मेलेल्यालाही पुढची वाट दाखवतो. तोंडात दात नाहीत म्हणून पेज खातो, रथाला बोकड जुंपतो. रोज न चुकता एकच वाट चालणारा सूर्य गुराख्यांना आणि वाटसरूंना आपला वाटला, त्यातून हा देव झाला. त्याच्याच नावानं वाट अडवायची?

मी चबुतऱ्यापाशी जाऊन काकांना हे सगळं ऐकवलं.

"लय शिकली वो बाप्पा!" काका म्हणाले. "मंग त्या बोकडवाल्यालेच सांग ना, टेम्पो काढून दे म्हना." तोडणीच्या बाया फिदीफिदी हसल्या.

"सरकवा ना काका थोडा."

"देव बसला तो बसला. आता हालत नाही."

"सूर्य कधी बसला होता का, काका?"

आता बाया काकांकडं पाहून हसल्या. बाबांनी मात्र मलाच दटावलं, "पुरे. क्रेट उचल."

दुपारभर आम्ही क्रेट वाहिले. देवाला डावी घालून कोण जाणार? जाताना चबुतरा उजव्या हाताला, येतानाही उजव्या हाताला. त्यामुळे जाताना एका बाजूची कपाशी तुडवली गेली, येताना दुसऱ्या बाजूची. फुटलेली बोंडं मातीत गेली.

संध्याकाळी काका धावत आले. "अरे, माह्या कपाशीचा सत्यानाश करून राहिले का तुम्ही?"

बाबांनी डोक्यावरचा क्रेट सावरला. "देवाले उजवी घालून राहिलो, भाऊ."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः सब्बल घेऊन आले आणि चबुतरा उखडला. फरशी त्यांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पूर्वेकडं तोंड करून बसवली. टेम्पो आत आला, बाबा खूश झाले.

मी नाही झाले. आमची वाट अडली तेव्हा हा देव तसूभर हलला नाही. काकांची कपाशी मोडली, तेव्हा एका रात्रीत उठला.