रेकॉर्डिंगमध्ये नसलेली हाक

देवाला नमस्कार करायचा, तोही आई बघत असेल तरच... असल्या वळणाचा मी. भुतंखेतं, संकेत वगैरे कुणी काढलं की मला हसू यायचं. हल्ली येत नाही.

नोकरीसाठी साताऱ्याहून म्हैसूरला आलो. चामराजपुरममध्ये घरमालक मिळाले श्रीपादकाका... चार पिढ्या इथलेच, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरणारे आणि पक्ष्यांपायी वेडे. रविवारी सकाळी आम्ही दोघं पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायला निघायचो. त्यांचा नियम एकच, रेकॉर्डर चालू असताना अवाक्षर काढायचं नाही. एकदा मी शिंकलो, तर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्या सकाळी तलकाडला भातशेतांमधून नदीकाठी गेलो. तिथल्या वाळूच्या दरडीत वेड्या राघूंची बिळं होती. मी वीसेक पावलं मागे, रेकॉर्डर धरून उभा. काका पार दरडीच्या कडेला, खाली डोकावत...

एकदम ते वळले आणि तरातरा माझ्याकडे आले.

"अय्यो, सुम्ने, उगाच ओरडलास कशाला रे? सगळं रेकॉर्डिंग नासवलंस की."

"काका, मी कुठे ओरडलो?"

"मग 'काका, मागे या' कोण म्हणालं? तुझाच आवाज—"

तेवढ्यात त्यांच्या मागे धप्प झालं. ते उभे होते ती अख्खी कड पाण्यात गेली होती. खाली कावेरीचे भोवरे, आणि काकांना पोहता येत नाही.

गाडीत बसून रेकॉर्डिंग ऐकलं. राघू, वारा, काकांची पावलं, त्यांचं रागावणं, मग ते धप्प... सगळं स्वच्छ. हाक तेवढी नाही. काकांनी तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "हे काकूला ऐकवू नको."

काकूंना वाटतं, मीच वाचवलं. "तू हाक मारलीस म्हणून रे," म्हणत डोळे पुसतात, आग्रहाने वाढतात. फुकटचं श्रेय घेताना मला घास गिळवत नाही. बिळांनी दरड पोखरली होती, हे समजतं. पण हाक कुणाची?

गेल्या रविवारी एका शेताच्या बांधावर काका पुढे चालता चालता थबकले. वळून न बघता हळूच विचारलं, "आता हाक मारलीस?"

मी तोंडही उघडलं नव्हतं.

"हो काका," मी म्हणालो, "मागे या."