वीस वर्षांचा शेपू

“गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये गो, हाताकडं बघावा.”

पोलादपूरच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठी राहणारी आवडीबाय हे दिवसातून एकदा तरी बोलायचीच. घरात आलेल्या सुनेला बोलली, एसटीच्या कंडक्टरला बोलली, महाडच्या बाजारात तिचे काजूगर तोलणाऱ्या व्यापाऱ्याला तर तोंडावर बोलली. दूधवाल्याचं माप ती आधी उलटं करून झटकायची, मगच दूध घ्यायची. मुंबईहून मुलाचा फोन आला तरी आधी विचारायची, “लहानपनी तुजा कुठला हात भाजला व्हता?” मुलगा म्हणायचा, “आये, डावा गो, डावा.” मग ख्यालीखुशाली. फोनवरून लोकांना फसवतात हे तिने ऐकलं होतं, आणि आवाजाला हात नसतो, बघणार काय?

तिचं घर सुभेदारणीच्या बागेत होतं. कोण्या सुभेदाराच्या विधवेने ही बाग लावली, नदीला दगडी पायऱ्या बांधल्या, रहाटाचं पाणी खेळवायला दगडी पाट केला, असं सांगतात. रहाट गेला, त्याचे दोन खांब उरले. पाटात आता वाळक्या पानांचा पातेरा आणि सरडे. बाग कुणाच्या नावावर, हे कोर्टालाही नीट सांगता आलं नसतं. पण राखली ती आवडीबायच्या सासरच्यांनी, पिढ्यान् पिढ्या. सतरा रायवळ आंबे, आणि प्रत्येकाला नाव. शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी, साखऱ्या. आणि अगदी पाण्याच्या कडेला शेपू.

शेपूचा आंबा तोंडात घातला की आधी शेपूच्या भाजीचा वास येतो. परका माणूस तिथेच थुंकतो. जो थुंकत नाही त्याला मागाहून मधासारखी गोडी लागते. आवडीबाय नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूने तिला पहिल्यांदा हाच आंबा दिला होता. ती थुंकली नाही. सासू म्हणाली, “टिकशील.” दोन हजार एकवीसच्या पुरात डोंगरावरून आलेले ओंडके याच झाडाला अडले, म्हणून त्याच्यामागचं तिचं घर उभं राहिलं. त्या दिवसापासून ती शेपूला “भावजी” म्हणायची, अर्थात कोणी ऐकत नसताना.

गोड बोलणाऱ्यांची धास्ती तिला उगाच नव्हती. बारा वर्षांपूर्वी कुठलीशी योजना घेऊन दोघं आले होते. “आजी, रायवळाला कोण विचारतो? जुन्या झाडांना हापूसचं कलम लावू. झाडं वाचतील, पैसाही येईल.” बोलणं असं की साखर पेरावी. हातात मात्र करवत होती. म्हाताऱ्या झाडांचे शेंडे उडवून खोडांवर कलमं बांधली. तीन झाडं. पुढच्या शिमग्यापर्यंत तिन्ही वाळून कोळसा झाली. ती दोघं पुन्हा फिरकली नाहीत. वीस आंब्यांचे सतरा झाले ते असे.

यंदा माघ सरत आला तसा नदीवर एक फलक लागला. ‘घाट सुशोभीकरण’. आवडीबायने फाटकाशी चहाची टपरी चालवणाऱ्या सहदेवला विचारलं, “भावजी, सुशोभीकरन म्हंजे काय रं?”

सहदेव तिचा भावकीतला दीर. जीभ तिखट, कान अर्धे. तो म्हणाला, “म्हंजे झाडा तोडायची नि कुंड्या ठेवायच्या.”

तेव्हापासून ती दर सकाळी उठून आधी झाडं मोजायची.

अशात एका रविवारी महाडहून दोघंजण आली. अनुपमाबाई शाळेत इतिहास शिकवायच्या, आणि गंगाधर म्हणून वकील होते. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं. मोहराचा वास इतका दाट की कपड्यांना चिकटावा. अनुपमाबाई पायऱ्यांवरून हात फिरवत, खांबांचे फोटो काढत सावकाश येत होत्या. वकील टपरीवर चहा पीत फोनवर बोलत होते. त्यांचा चहा संपायच्या आत सहदेव आवडीबायच्या अंगणात हजर.

“वयनी, आले गो. वकील बोलत व्हता, पन्नास वर्सांच्या वरच्या सगल्या झाडांना कलम लागनार.”

आवडीबायच्या हातातली केरसुणी थांबली. “कलम?”

“कलम. दोनदा बोलला. यादी करायला आलेत.”

“हातात काय हाय त्यांच्या?”

“बाईच्या हातात फोन हाय. वकिलाच्या हातात टेप हाय, नि कागद.”

“करवत नाय?”

“करवत मागाहून येल.”

आवडीबायने केरसुणी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि बागेत गेली. पन्नासच्या वरच्या झाडांना कलम ना? मग बागेत पन्नासच्या वरचं झाड ठेवायचंच नाही.

अनुपमाबाईंनी वाकून नमस्कार केला. “मावशी, तुमच्याबद्दल ऐकलंय. ही बाग वाचावी म्हणून आलोय आम्ही.”

मागचे दोघेही वाचवायलाच आले होते. आवडीबाय त्यांच्या हातांकडे बघत म्हणाली, “वाचवा की. कोनी धरलाय?”

“झाडांची वयं लिहून घ्यायचीत. जाणत्या माणसाने सांगून खाली सही केली की ती ग्राह्य धरतात. तुमच्याइतकं जाणतं दुसरं कोण?”

गोड. फारच गोड. आवडीबायने मनात दार लावून कडी घातली.

शेंदऱ्यापाशी ती म्हणाली, “तीस वर्सां.” खोबऱ्यापाशी म्हणाली, “पंचवीस. पोराच्या मुंजीत लावला.”

वकिलांनी वर बघितलं. “तुमच्यात मुंज होते?”

“दुसऱ्याच्या पोराच्या.”

गोटी चाळीस वर्षांची झाली. साखऱ्या तर परवाचा निघाला. असं करत करत सगळे शेपूपाशी आले. वकिलांनी खोडाभोवती टेप लावायला घेतली, हात पुरेना. अनुपमाबाईंनी दुसरं टोक धरलं.

“हे किती वर्षांचं?”

“वीस. माज्या हातचा हाय.”

“मावशी,” वकील म्हणाले, “वीस वर्षांचं झाड दोघांच्या कवेत मावत नाही?”

“नदीच्या गालाची जमीन हाय, साहेब. हितं मान्सापन लवकर वाढतात. ह्या सहदेवाकडं बघा.”

सहदेवचं पोट त्याच्यापुढे वीतभर चालायचं. तो हसला, पण अनुपमाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी आली होती. त्या वकिलांना बाजूला घेऊन हळू बोलल्या, पण नदीकाठी बोलणं लांबवर जातं. “ही बाई कंत्राटदाराची माणूस तर नसेल? मुद्दाम वयं कमी सांगतेय.”

“असेलही. आपण काय करणार? जाणती म्हणून हिचंच नाव दिलंय सगळ्यांनी.”

आवडीबायने ते ऐकलं आणि तिला बरंच वाटलं. चोर चिडला म्हणजे कुलूप पक्कं आहे. वकिलांनी कागद पुढे केला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिने सावकाश काढली, प्रत्येक अक्षराला थांबून. ‘आवडी’तला ‘ड’ तिला फार साधायचा.

वकिलांनी कागद घडी केला आणि सुस्कारा सोडला. “संपलं, बाई. एकाही झाडाला कलम लागत नाही. एप्रिलमध्ये सगळी जातील.”

“जातील?” आवडीबाय म्हणाली. “कुठं जातील?”

“तुम्हाला ठाऊक नाही?” अनुपमाबाईंचा आवाज कडक झाला होता. “घाटासाठी तोडणार आहेत. पन्नास वर्षांवरच्या झाडांना कायद्याचं कलम लागतं, ती तोडता येत नाहीत. म्हणून तर वयं विचारत होतो.”

“कायद्याचा कलम.”

“हो. दुसरं कसलं?”

आवडीबायने सहदेवकडे बघितलं. सहदेवने नदीकडे बघितलं. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता, तोही जणू दुसरीकडेच बघत होता.

“हापूसचा नाय?” तिने विचारलं.

अनुपमाबाईंना क्षणभर काहीच कळेना. मग वाळून उभी असलेली तीन खोडं त्यांच्या नजरेला पडली, वरून सपाट कापलेली.

“कागद द्या,” आवडीबाय म्हणाली. “खोटा सांगितला मी. शेपू वीस वर्सांचा नाय. माजी सासू नवरी व्हती तवा पन हा असाच व्हता.”

पण आता संशयाची पाळी दुसऱ्यांची होती. वकील म्हणाले, “आधी वीस, आता शंभर. उद्या कोणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं? नुसत्या शब्दावर सही फिरवता येत नाही. काही पुरावा आहे?”

आवडीबाय झाडाच्या नदीकडच्या अंगाला गेली. तिथे खोडाला छातीएवढ्या उंचीवर एक भोक होतं, ओठ मिटत आल्यासारखं. “बाई, हात घाला हितं.”

अनुपमाबाई जागच्या हलल्या नाहीत. “आत काय आहे?”

“घाला तर.”

“साप असेल.”

“असता तर मना आधी चावला असता.”

“तुम्ही मघाशी वीस वर्षं म्हणालात, मावशी. मी तुमच्यावर का विश्वास ठेवू?”

आयुष्यभर हाच सवाल आवडीबाय दुसऱ्याला विचारत आली होती. तिने आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. चिकाने काळे पडलेले, रिकामे. अनुपमाबाईंनी त्या हातांकडे बघितलं. मग बांगड्या वर सारल्या आणि मनगटापर्यंत हात त्या भोकात घातला.

आधी ओला भुसा लागला. मग थंड काहीतरी. जाड, गोल, खडबडीत.

“कडी आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “लोखंडी कडी.”

“माजा आजेसासरा तारी व्हता,” आवडीबाय म्हणाली. “पूल नव्हता तवा लोक त्याच्या तरीतना, नावेतना, पलीकडं जायचे. तरीचा दोर ह्या कडीला. पूल झाला, नाव बंद पडली. मग झाडान कडी गिलली. सासू दाखवायची तवा कडी अर्धी भायेर व्हती. आता बोटाला लागते तेवडीच. वीतभर आत गेलीय, बाई. वीस वर्सांत जाईल?”

वकिलांनीही हात घालून बघितला. मग झाडाच्या पारावर बसून कागद उघडला. सगळी झाडं पुन्हा एकेक करून लिहिली. शेवटी म्हणाले, “आधीची वयं खोडलीत, म्हणून एक ओळ टाकावी लागेल. ‘मी आधी नजरचुकीने वेगळे सांगितले.’ चालेल?”

आवडीबायने कधी दुधाच्या मापात चूक कबूल केली नव्हती, की सुनेपुढे. तिने वर मोहराकडे बघितलं. “नजर चांगली हाय माजी,” ती म्हणाली. “खोटा सांगितला, असा लिवा. झाडासाठी सांगितला, असा पन लिवा.”

तसं लिहिलं. तिने सही केली. ‘ड’ या वेळी थोडा वाकडा आला. वकिलांनी कागदासाठी हात पुढे केला, तर तिने तो घडी करून कमरेला खोचला.

“मावशी?”

“पोलादपुरात जाऊन झेरॉक्स काढून आनते. मग तुमाला कागद.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर हाय. तुमच्या हातावर नाय.”

“वयनी, मी सोडतो गाडीवरनं,” सहदेव म्हणाला.

“तुज्या कानाला ब्रेक नाय, गाडीला कुठून असनार?”

ती निघाली. दगडी पाटाच्या कडेने, शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या मागे टाकत, पदर डोक्यावर, एक हात कमरेच्या कागदावर दाबलेला. मोहराची फुलं तिच्या खांद्यावर गळत होती. सहदेव बघत होता, वकील बघत होते. अनुपमाबाई शेपूपाशीच उभ्या होत्या, बोटांना गंज लागलेला. फाटकाशी पोचल्यावर आवडीबाय थांबली आणि वळून बघितलं. इतक्या लांबून तोंडं दिसत नव्हती, आणि तोंडं तिला बघायचीही नव्हती. अनुपमाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी दोन्ही हात वर करून उघडे धरले, तांबूस, रिकामे. आवडीबायने ते नीट बघून घेतले, आणि रस्त्याला लागली.