दहा पुरुषांची प्रार्थना

दादाच्या मरणाची तार सोमवारी सकाळी आली. बाबांनी ती उभ्यानेच दोनदा वाचली, मग गळ्याशी हात घालून अंगातला सदरा फाडला. मरणाच्या बातमीवर कपडा फाडायची आमच्यात रीत आहे. आई स्वयंपाकघरात होती. कापडाचा आवाज ऐकून ती बाहेर आली. तार तिला वाचून दाखवावी लागली नाही.

युद्ध संपत आलं होतं. दादा ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्करी इस्पितळात कामाला होता, तिथेच तापाने गेला. कुठे पुरलं ते तारेत नव्हतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण पूर्वज तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. साताऱ्यात मात्र आम्हाला काहीच म्हणत नसत. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, घर सदर बाजारात होतं, आणि शेजाऱ्यांना आम्ही मुसलमानांपैकी कोणीतरी वाटत असू.

मयताच्या घरी सात दिवस चटईवर बसायचं, घरात चूल पेटवायची नाही, शेजारी देतील ते खायचं. हे सगळं साताऱ्यात करता येत होतं. येत नव्हती ती एकच गोष्ट. मेलेल्यासाठी कद्दिश नावाची प्रार्थना असते. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती आहे. पण ती म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत. बाबा सांगत, यरुशलेमचं मंदिर रोमन लोकांनी जाळलं तेव्हापासून आपल्याला मंदिर नाही. दहा पुरुष उभे राहतील तिथे तेवढ्या वेळापुरतं मंदिर. पुण्यात सभागृह, म्हणजे आमचं प्रार्थनेचं घर, होतं, पण सात दिवस आम्हाला घर सोडता येत नव्हतं.

आईला दुसरं काही नको होतं. "माती नाही मिळाली त्याला आपल्या हातची," ती म्हणाली. "निदान प्रार्थना तरी मिळू दे."

मंगळवारी बाबांनी मला सांगितलं, "सातव्या दिवशी, रविवारी, सगळ्यांना बोलाव. पत्ते दादाच्या वहीत आहेत."

मी कार्डं लिहिली. साताऱ्यातले दोघे: सुभेदारकाका, जे निवृत्त लष्करी गृहस्थ होते आणि आमच्या भागात प्रार्थना चालवीत, आणि जंगल खात्यातले एक कारकून. मिरजेचे रेल्वेतले गार्ड आणि त्यांचे दोन कर्ते मुलगे. सांगलीचे कंपाउंडर आणि त्यांचा भाऊ. रहिमतपूरचे मास्तर. बाबा धरून नऊ झाले. वहीत अजून एक पत्ता होता, पलूसचा. तो माणूस उसाच्या मळ्यांवर पाण्याची इंजिनं दुरुस्त करी. दादा नोकरीला लागण्याआधी वर्षभर त्या बाजूला होता, तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. दादानेच त्याला इब्रानी अक्षरं शिकवली होती. मी त्यालाही कार्ड टाकलं.

"दहा झाले?" बाबांनी विचारलं.

"झाले," मी म्हटलं. कोण कोण ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रविवारी दुपारपर्यंत सगळे आले. गार्ड सगळ्यात उशिरा आले. सुभेदारकाका त्यांना म्हणाले, "गार्डच मागे राहिला तर गाडीने काय करावं?"

"गार्ड मागेच असतो, सुभेदार. पुढे असतो तो इंजिनवाला," गार्ड म्हणाले. चटईवरचे दोघे-तिघे हसले आणि बाबांकडे पाहून गप्प झाले.

पलूसचा इंजिनवाला त्यांच्या मागोमाग आला. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, नखांत काळं तेल. दारात थांबून त्याने चौकटीवरच्या मजुज्याला, म्हणजे देवाचं वचन ठेवलेल्या नळीला, बोटं लावली आणि ओठांना लावली. मग मला म्हणाला, "ताई, उशीर न्हाई ना झाला? गाडी रहिमतपुराला तासभर हुबी हुती. लय जीव खाल्ला तिनं."

मी त्याला आत बसवलं. बाबांनी त्याला पाहिलं, मग मला पाहिलं. तेव्हा मला कळलं की आपण काहीतरी चुकलो.

जमलेल्या माणसांना आम्ही आकड्यांनी मोजत नाही, ते अशुभ. सुभेदारकाका दहा शब्दांचं एक वचन म्हणत आणि प्रत्येक शब्दाला एकेका माणसाकडे बोट करीत. आठव्या शब्दाला बाबा आले, नवव्याला मास्तर. मास्तरांच्या पलीकडे पलूसचा माणूस बसला होता. काकांचं बोट तिथवर गेलं आणि दहावा शब्द त्यांनी म्हटला नाही.

"कोणी बोलावलं याला?" त्यांनी बाबांना विचारलं.

त्याच्यासमोर पुढे बोलायला नको म्हणून ते दोघे आतल्या खोलीत आले. तिथे आई आणि मी होतो. काका म्हणाले, "तो काळा इस्राएल आहे." आमच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग होते. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. ज्याच्या घरात बाहेरची बाई आली, त्याची मुलं काळी. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांना ताट वेगळं, प्रार्थनेत त्यांची मोजदाद नाही. पलूसच्या माणसाचा बाप इस्राएल होता, आई तिथल्याच शेतकरी घरातली. हे मला ठाऊक नव्हतं. दादाला ठाऊक असणार, पण तो कधी बोलला नव्हता.

आई म्हणाली, "दादा सांगायचा, तो शनिवारी इंजिनाला हात लावत नाही. मळेवाल्यांच्या शिव्या खातो त्यापायी. तुम्ही दोघांनी किती शनिवार पाळले? हे कचेरीत जातात, तुम्ही पलटणीत काय काय खाल्लंत ते मला नका सांगायला लावू."

"वहिनी, खाल्लेलं धुऊन निघतं. रक्त धुऊन निघत नाही."

"नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा सात पुरुष वाचले ना? सातच. मग बुडालेल्यांसाठी कोणी म्हटलं कद्दिश? आणि त्या सातांच्या पोरांनी बायका कुठून आणल्या, समुद्रातून?"

काका बाबांकडे वळले. "तुमचं घर आहे. तुम्ही म्हणाल तर मी दहावा शब्द म्हणतो. पण मग तुमच्या मुलीला स्थळ कुठून येणार, तेही तुम्हीच बघा."

बाबा मला म्हणाले, "त्याला ओट्यावर बसायला सांग."

मी गेले. कसं सांगावं याचा फार विचार केला नाही. विचार करून ते सोपं होणार नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"बसतो की," तो म्हणाला. "वाराबी हाय तकडं." उठताना त्याने आपण बसलो होतो ती चटईची कड नीट केली.

आत नऊजणांनी स्तोत्रं म्हटली. स्तोत्रांना दहा लागत नाहीत. ती संपली तेव्हा आई बाहेरच्या खोलीत आली. बायका पुरुषांच्या प्रार्थनेत येत नाहीत. ती मधोमध उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि कद्दिश म्हणायला लागली.

पहिले दोन शब्द तिला आले. आयुष्यभर दाराआडून ऐकलेले ते शब्द. तिसरा अर्धाच आला. मग ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली आणि तिथेच अडली. बायकांना ते कधी कोणी शिकवलेलं नव्हतं. नऊ पुरुषांना संपूर्ण पाठ होतं. एकानेही पुढचा शब्द सांगितला नाही.

ओट्यावरचा माणूस उठून दाराशी आला. त्याचे ओठ हलत होते, त्याला येत होतं. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. तो परत जाऊन बसला.

आई तिसऱ्यांदा अडली तेव्हा मी तिचा हात धरून तिला आत नेलं.

मग मलिदा वाटला, म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे. आईने पलूसच्या माणसाला स्वतः नेऊन दिले, आमच्याच ताटात. त्याने ताट हातात घेतलं नाही, पोहे रुमालात घेतले. "आवं काकी, वाटंत खातो," म्हणाला. "तुमास्नी पुना ताट कोन धू म्हनंल." आणि जायला निघाला. मोटारीला दोन तास अवकाश होता. तो अड्ड्याकडे चालत गेला, मागे वळला नाही. मी पुन्हा कधी त्याला पत्र घातलं नाही. काय लिहिणार?

महिन्याभराने बाबा आणि मी पुण्याला गेलो. आई आली नाही. पाय दुखतात म्हणाली. तिचे पाय दुखत नव्हते. मी वर बायकांच्या सज्जात बसले. त्या दिवशी आणखी चार घरच्या मयतांचं कद्दिश होतं, त्यांच्याबरोबरच दादाचंही झालं. दोन मिनिटं लागली असतील.

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. बाबा हातपाय धुवायला गेले. तिने मला विचारलं, "किती होते?"

"पंचवीस-तीस असतील."

"त्यातला दादाला ओळखणारा कोण होता?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि बाबांचं पान मांडायला सांगितलं.