सिक्सच्या बाजूचे झोपाळे

गावच्या बागेत मुलांसाठी दोन झोपाळे आणि एक घसरगुंडी बसवायची, एवढंच काम होतं. क्लीनर म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर चढलो आणि स्वतःचे डंपर उभे केले, ते सगळं तोंडाच्या जोरावर. जमिनीचे सौदे केले, खाणवाल्यांशी भांडलो. पण या झोपाळ्यांनी मला जितकं पिदवलं तितकं कुणी पिदवलं नाही, आणि वर कुणाला त्याचं काही नाही.

सुट्टीच्या दिवशी रेवसकडून समुद्रावर जाणाऱ्या गाड्या आमच्या आळीतून घुसतात. काचा वर, गाणी मोठ्याने. आळीतली मुलं त्याच रस्त्यावर खेळायची, त्यात माझी नातही. दुसरीकडे जाणार कुठे? नारळाच्या वाड्यांना आता पत्र्याची कुंपणं झालीत आणि किनाऱ्यावर पाहुण्यांच्या गाड्या लागतात. उरली बाग. तीही नावाची. तळ्याकाठी सिमेंटचे बाक, एका बाजूला सुरूची झाडं आणि मधलं सगळं मैदान क्रिकेटवाल्यांचं.

तालुक्याहून आलेल्या साहेबांनी गाडीतून उतरता उतरता तळ्याच्या काठाकडे बोट दाखवलं. "इथे छान दिसेल."

"दिसेल हो," मी म्हटलं, "पण घसरगुंडीवरून सुटलेलं पोर थेट पाण्यात जाईल."

साहेबांनी मग दुसरी जागा दाखवली, भर उन्हातली. दुपारी तिथल्या बाकावर मोठा माणूसही बसत नाही. झोपाळे पुरवणारा तर साधं लोखंड रंगवून माझ्या गळ्यात मारत होता. त्याला सांगितलं, ही खारी हवा आहे, तुझा रंग दोन पावसाळे टिकणार नाही, जस्त चढवलेलं आण नाहीतर परत ने. महिनाभर वाद घालून माल नीट मिळवला आणि जागाही, सुरूच्या सावलीतली. तर ग्रामसभेत क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष उभा राहिला. तिशीचा पोरगा, गॅरेज चालवतो, माझेच डंपर त्याच्याकडे दुरुस्तीला जातात.

"शेठ, ती आमची सिक्सची बाजू हाय."

"मग चौके मार."

"हसू नका. झोपाळा लागला तर बाउंड्री आत येणार. बाहेरच्या टीम येतात, यूट्यूबवर लाइव्ह जातं. गावाची काय इज्जत राहील?"

"आणि पोरं गाडीखाली गेली की राहील का?"

सरपंचबाईंनी टेबलावर हात आपटला. "मिटवा दोघं. मला घरी चूल हाय."

तेव्हा अध्यक्ष म्हणाला, ठीक, झोपाळे लावा. पण स्पर्धेच्या दिवशी ते साखळीसकट वर बांधायचे आणि मुलांना आत सोडायचं नाही. मला वाटलं, होळीनंतरची मोठी स्पर्धा, जातील चार दिवस. सगळ्यांसमोर हातावर हात मारला. मनात म्हटलं, पोरगा स्वस्तात सुटला.

दिवाळी झाली आणि स्पर्धा सुरू झाल्या. आधी वाडी-वाडीची, मग कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ. चाळिशी उलटलेल्यांची, लग्न झालेल्यांची, नुसती कोळीवाड्याची, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची. प्रत्येकीला मांडव, भोंगा आणि फक्कीने आखलेली गोल रेघ. अशा गावात जन्म काढून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यातल्या एकीची ढाल तर माझ्याच नावाची असते. पण सौदा करताना "स्पर्धा" म्हणजे एकच धरली. रविवार आला की झोपाळे वर, सुरूला बांधलेले. आणि गाड्याही रविवारीच येतात. म्हणजे ज्या दिवसासाठी झोपाळे मागितले, नेमक्या त्याच दिवशी ते बंद. अध्यक्षाला बोललो तर म्हणतो, "शेठ, शब्द तुमचाच." दात ओठ खात घरी आलो.

माझ्या ढालीचा अंतिम सामना होता त्या सकाळी आळीत एक गाडी वळली. नात बाजूला उडी मारून वाचली. तिची एक चप्पल चाकाखाली चेपली. ड्रायव्हर काच खाली करून "सॉरी" म्हणाला आणि गेला. मी तेव्हा मांडवात पाहुणा म्हणून बसलो होतो, मला काहीच माहीत नव्हतं.

मला दिसलं ते एवढंच, की सुनेने नातीला कडेवर घेतलंय, मागे आळीतल्या आणि कोळीवाड्यातल्या बायका, मुलांची झुंड, आणि सगळे फक्कीची रेघ ओलांडून सरळ सुरूकडे चाललेत. एकीने साखळ्या सोडल्या. भोंगा ओरडला, "झोपाळ्याकडच्या वहिनींना नम्र विनंती, मॅच लास्ट ओव्हरमध्ये हाय!"

अध्यक्ष माझ्याकडे धावत आला. "शेठ, शब्द दिला होतात!"

मी मैदान तुडवत तिकडे गेलो. वाटेत कुणीतरी चपलेची हकिकत सांगितली. तरी तोंडातून तेच निघालं, "अगं, मी शब्द दिलाय सगळ्यांसमोर."

"तुम्ही दिलात, बाबा," सून झोका देत म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं?"

शेजारची कोळीण पदर खोचून म्हणाली, "जावा शेठ, तुमी ढाल वाटा. आमी हितं हाव."

बॅटवाला उभा, बोलर उभा, प्रेक्षक शिट्ट्या मारतायत. शेवटी पंच स्वतः फक्कीची पिशवी घेऊन आला आणि झोपाळ्यांच्या अलीकडून नवी रेघ ओढली. अध्यक्षाने त्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुरूकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याच कोळणीने नवऱ्याच्या होडीवरचं फाटकं जाळं आणलं. सुरूच्या झाडांना ते उंच ताणून बांधलं, म्हणजे बॉल मुलांवर येणार नाही. जाळ्यात बॉल अडकला की सिक्स, असा नियम झाला. बाउंड्री जवळ आल्याने सिक्स ढिगाने पडतात, लोक खूश. पुढच्या ग्रामसभेत मंडळाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, "मुलांच्या सुरक्षिततेचा विचार केल्याबद्दल". सून मागे बसून हसत होती. जागेसाठी, जस्तासाठी, सावलीसाठी महिनाभर घसा फोडला त्याचं नाव कुणी काढलं नाही. मी सभा अर्ध्यावर सोडली.

परवा अध्यक्ष गॅरेजमध्ये चहा देऊन गोड बोलायला लागला. मोठ्या स्पर्धेपुरतं जाळं थोडं मागे घेता येईल का? शेठ, आपण बसून मिटवू.

"माझ्याशी नको," मी म्हटलं. "माझ्या सुनेशी बोल. रविवारी ती जाळ्याच्या मागे असते."

तो काही तिच्याकडे गेला नाही अजून.