हिरव्या दिव्यांचे थांबाभाऊ

वीज परत आली की आमच्या वाचनालयात सगळ्यांचे चेहरे उजळायचे. एकटे थांबाभाऊ दोन्ही हात वर करून ओरडायचे, "थांबा! कोणी हात नका लावू!" त्यावरूनच त्यांचं हे नाव पडलं. खरं नाव आमच्या एकोडी गावात फारसं कुणी घेत नसे.

मी तिथली ग्रंथपाल, आणि कंप्युटरची खोली भाऊंकडे. कोपऱ्यातल्या फळीवर एक काळा हब होता. सगळ्या कंप्युटरच्या वायरी त्याच्यात येऊन मिळत. लाइट जाऊन आली की तो बिथरायचा. दिवे लागलेले, पण इंटरनेट कुठल्याच कंप्युटरवर नाही. मग भाऊ सगळं बंद करत. आधी बाहेरची लाइन आणणारा राउटर सुरू, त्याचे दिवे स्थिरावले की हब, आणि कंप्युटर शेवटी. मधल्या वेळात कुणी घाई केली की म्हणत, "झोपेतून उठलेल्या माणसाले लगेच नाव-गाव विचारता का? त्याले डोये तं चोळू द्या."

तो मधला वेळ ते खिडकीशी घालवत. खिडकीतून तलाव दिसे. दुपारी पाणी इतकं उजळ असे की खोलीच्या छतावर त्याचे कवडसे हलायचे. भाऊंचे वडील त्याच तलावात डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन मासे धरत. "बाबा डोंग्यात पडून आभाय पाहे," ते सांगत. "मी विचारलो, बाबा, मासे कवा धरता? तं म्हणे, पाणी मले विसरलं का मंग धरतो." परीक्षेचे अर्ज भरायला आलेल्या मुली हनुवटी हातावर ठेवून ऐकत. मागे हबचे हिरवे दिवे लागलेले असत आणि कुणाच्या ध्यानातही नसे. पुष्कळदा मीही विसरून जाई.

एकदा मात्र भाऊंना थांबता आलं नाही.

वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं होतं. सोबत वहिनींचा भाऊ होता. थांबाभाऊ स्वतः तापाने पडले होते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना येऊ दिलं नव्हतं. ऑपरेशनला नेण्याआधी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. गावात मोबाइलची रेंज धड नसे, म्हणून अंगात स्वेटर घालून ते दुपारीच वाचनालयात येऊन बसले. वहिनींचा चेहरा पडद्यावर आला, त्यांनी ओठ हलवले, आणि वीज गेली.

थोड्याच वेळात ती आली. पण हबचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले आणि कंप्युटर काही जोडला जाईना. भाऊ उठले. वायर काढ, लाव, पुन्हा काढ.

"भाऊ, थांबा नं जरा," मी म्हटलं.

"कसा थांबू, ताई? तिले घेऊन जातीन नं थे!"

मी त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. सगळं बंद केलं. मग एकेक वायर हाताने चाचपत गेले. ओढाताणीत एका वायरीची दोन्ही टोकं हबमध्येच बसली होती. हब बिचारा आपलाच निरोप आपल्यालाच देत गरगरत होता. त्यातलं एक टोक कंप्युटरला लावलं. राउटर लावला. तलावावर बदकं उतरली होती, त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. मग हब. मग कंप्युटर, आणि पुन्हा व्हिडिओ लावला.

वहिनी अजून तिथेच होत्या. हिरव्या कपड्यांतली नर्स खाट ढकलायला उभी होती.

"काहून बोलून नाही राहिले?" वहिनींनी विचारलं.

भाऊंनी नुसता हात पडद्याजवळ नेला. वहिनी हसल्या. "असे रडून राहिले तं मी जाऊ कशी? अंगावर पांघरून घ्या, ताप हाये तुम्हाले." मग खाट हलली आणि पडद्यावर दवाखान्याची पांढरी भिंत तेवढी राहिली. भाऊ ती भिंतही बराच वेळ पाहत होते.

वहिनी वाचल्या. बऱ्या झाल्यावर हबचा तो काळा डबा बघायला मुद्दाम आल्या आणि म्हणाल्या, "इतकुसाच?" पण धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, वाकणं त्यांना आता जमणार नव्हतं. आंबागडला त्यांच्या भावाचं घर होतं, तिथली हवाही त्यांना मानवायची. भाऊंनी काम सोडलं आणि दोघं तिकडे राहायला गेली. निघताना एसटीच्या खिडकीतून ते मला काहीबाही सांगत होते, पण इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी आंबागडला गेले. तिथल्या किल्ल्याची टेकडी धुक्यात अर्धी बुडाली होती. भाऊ अंगणात उन्हाला बसले होते, वहिनी शेजारी लाखोरीच्या शेंगा सोलत होत्या. मी लटक्या रागाने म्हटलं, "भाऊ, कितीदा फोन केला, कधी लागतच नाही तुमचा!"

"इथं रेंजच नाही, ताई," ते म्हणाले. मग वहिनींच्या पदरातल्या मूठभर शेंगा स्वतःकडे ओढत हलकेच हसले. "आन् मले जिच्यासंगं बोलाचं रायते, थे तं इथंच बसली हाये."