छातीच्या फोटोतला लाल डाग

एटापल्लीपासून आत, जंगलातलं आमचं गाव. गावची आशा सेविका मीच. त्या दिवशी तालुक्याहून छातीचे फोटो काढायचं हातात मावणारं मशीन आलं होतं. फोटो निघाला की कॉम्प्युटर स्वतःच तो तपासायचा आणि टीबीची शंका असेल तिथे लाल रंग दाखवायचा.

घरोघर फिरून बाया अंगणवाडीत जमवल्या, पण पुढे कोणी येईना. शेजारची म्हातारी महिनाभर खोकत होती. ती म्हणाली, "मले काई झालं नाई. त्या मशीननंच काई होईन."

"मग पयले माझा काढा," मी तंत्रज्ञाला म्हटलं.

मला ना खोकला होता ना ताप. श्वास रोखून उभी राहिले. नंतर पुढचं नाव लिहायला मी रजिस्टर उघडलं, तरी तंत्रज्ञाची नजर स्क्रीनवरून हलेना. मग त्यानं स्क्रीन हळूच माझ्यापासून वळवली. ती नेमकी बायांच्या समोर आली.

"हे लाल काय होय?" एकीनं विचारलं.

"मशीन फक्त शंका सांगते. थुंकी तपासावी लागेल," असं म्हणत त्यानं माझ्या हातात डबी दिली. बाया एकेक करून निघून गेल्या.

घरी चार वर्षांची मुलगी धावत आली. मी हात लांब करून तिला थांबवलं, तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी विचारलं, "काऊन जवळ घेऊन नाई राह्यली तिले?"

"सर्दी हाय," मी म्हटलं. आजार लपवू नका, असं गावाला वर्षानुवर्षं सांगणारी मी!

तिसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाणी भरताना फोन आला. जंतू सापडले होते. नेहमीच्या गोळ्या लागू पडणार होत्या. पाण्याची गुंडी तशीच सोडून घरी आले.

"सर्दी नाई. टीबी हाय मले."

सासूबाई खाली बसल्या. "तीन दिवस कोणाले भेली तू? मले?"

मग त्यांनी विचारलं, "पोरीले तं नाई लागला?" तीन दिवस हाच प्रश्न मी मनातसुद्धा पुरा होऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात गेलो. श्वास रोख म्हटल्यावर मुलगी गाल फुगवून उभी राहिली. मला स्क्रीनकडे बघवेना. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मी ओळ न् ओळ वाचत राहिले.

"साफ आहे," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंचाही साफ निघाला. मुलीला टीबी होऊ नये म्हणून औषध सुरू झालं, मला सहा महिन्यांच्या गोळ्या. माझं ऐकून शेजारची म्हातारी त्याच आठवड्यात आपणहून फोटो काढायला आली. तिलाही टीबी निघाला. पुढे आम्ही दोघी बऱ्या झालो.

त्याआधीच, गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर, डॉक्टरांनी मुलीला जवळ घ्यायची परवानगी दिली. मी अंथरूण पसरून तिला हाक मारली, तर ती आजीच्या पदराआड सरकली. म्हणाली, "मी इथीच झोपतो."